पैनगंगेच्या अलीकडची दंडार : कानांत राहिलेल्या काही रात्री

संगीत महोत्सव म्हटले की मराठी मनासमोर पुण्याचा मांडव उभा राहतो. पंडित भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ १९५३ साली सुरू केलेला तो उत्सव, डिसेंबरची थंडी, अंगावरच्या शाली, चहाचे पेले. त्या मांडवातल्या आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी त्या लिहाव्यातच. माझ्या वाट्याला आलेला महोत्सव निराळा आहे. त्याला तिकीट नाही, कार्यक्रमपत्रिका नाही, ध्वनिक्षेपकाशी भांडणारा संयोजक नाही. कोजागरीच्या सुमारास तो सुरू होतो आणि दिवाळी सरता सरता आवरतो. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय अंगाला, केळापूर, घाटंजी, झरी-जामणी, मारेगाव या तालुक्यांत, त्याला दंडार म्हणतात.

आजचा धागा लांबणार आहे. तीस वर्षांत ऐकलेल्या दंडारींपैकी ज्या रात्री कानांतून जात नाहीत, त्यांच्याविषयी लिहायचे आहे; आणि इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकांसाठी त्या रात्रींमागे काय उभे होते, तेही.

प्रथम एक खुलासा. भंडारा-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीतही दंडार आहे, पण ती लोकनाट्याची दंडार. आमच्याकडची गोंड आणि कोलाम समाजाची. एका गावातील पुरुषांचा ताफा वाद्ये घेऊन दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून जातो. यजमान गाव त्याचे स्वागत करते, जेवू घालते, रात्रभर नाच-गाणे चालते, आणि पुढे कधीतरी यजमानांचा ताफा उलट भेटीला येतो. सोयरिकी जुळतात, जुनी भांडणे मिटतात, क्वचित नवी सुरू होतात. ताफ्यात घुसाडी असतात: डोक्यावर मोरपिसांचा प्रचंड टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडे, पायांत घुंगरू, हातात दंड. घुसाडीचे व्रत घेतलेला माणूस ते दिवस संपेपर्यंत अंघोळ करीत नाही. त्या काळापुरता देव त्याच्या ठायी असतो, असे मानतात. तोच देव पोरांना घाबरवतो, म्हाताऱ्यांची थट्टा करतो आणि कोणाच्याही खाटेवर जाऊन बसतो. सोबत स्त्रीवेशातले तरुण नाचतात. ढोल, डफ, नगाऱ्याच्या जातीचा तुडुम आणि सनईच्या कुळातला पेपरे ही वाद्ये. शेवटी विसर्जनाचा विधी होतो, त्याला कोलाबोडी म्हणतात.

पैनगंगेच्या पलीकडे, तेलंगणातील आदिलाबादेत, हाच उत्सव दंडारी नावाने चालतो. नदी ही सीमा राज्यकर्त्यांनी केली. अलीकडचे वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले, पलीकडचे आदिलाबाद निजामाकडेच राहिले. दंडारीने मात्र हा तह कधी मनावर घेतलेला दिसत नाही.

या मुलखाचा कागदोपत्री इतिहास विरळ आहे. ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यात कळंब हे एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. वसुलीचे आकडे मिळतात, माणसांचे आवाज मिळत नाहीत. ते ऐकायचे तर रात्र जागावी लागते.

माझी पहिली रात्र १९९४ ची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि केळापूर तालुक्यातील एका गावी त्यांची बदली झाली होती. गावापासून कोसभर अंतरावर कोलामांचा पोड होता. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. बहुधा उतारावर, रानाच्या कडेला. मी नऊ वर्षांचा. वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून गेलो. पोडात वीज नव्हती. आम्ही पोहोचलो तेव्हा काहीच सुरू झालेले नव्हते. माणसे अंगणात निवांत बसली होती, एका चुलीवर भात शिजत होता आणि सगळे जण कशाची तरी वाट पाहत होते.

मग तो आवाज आला. आधी कानाला नव्हे, तळपायांना जाणवला असे मी आजही म्हणेन. कापसाच्या रानापलीकडून, अंधारातून, ढोलाचा एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दोन. ताफा दिसत नव्हता. जवळ येताना आवाज एकसारखा वाढत नव्हता. उतारात उतरला की दबायचा, बांधावर चढला की मोकळा व्हायचा. पोडातला एक म्हातारा डोळे मिटून ताफा कुठवर आला ते सांगत होता: नाला झाला, बोरीचे झाड झाले, आता धुऱ्यावर आले. पुढे सभागृहांत मी मोठमोठे वादक ऐकले, पण वाद्य दिसण्यापूर्वी त्याचे अंतर ऐकण्याचे ते सुख पुन्हा मिळाले नाही. रंगमंचावरच्या संगीताला कुठूनही चालत यावे लागत नाही.

त्या रात्री गोंडांचा ताफा कोलामांकडे पाहुणा आला होता. यात इतिहासाचा एक धागा आहे. संख्येने आणि जमीनजुमल्याने गोंड मोठे, कोलाम अगदी थोडे. सरकारी वर्गवारीत ते विशेष असुरक्षित आदिम गटांत मोडतात. तरीही या पट्ट्यातले गोंड कोलामांना ‘पुजारी’ म्हणतात आणि स्थानिक दैवतांच्या पूजेचा मान त्यांना देतात. या रानाचे जुने रहिवासी कोलाम, म्हणून येथल्या देवांशी बोलण्याचा अधिकार त्यांचा, अशी त्यामागची समजूत. राजवंशांच्या याद्या पाठ करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. कोण आधी आले याची आठवण येथे शिलालेखात नसून मानपानात जपलेली आहे. घुसाडी पोडात शिरले तेव्हा सर्वांत आधी कोणाच्या अंगणात गेले, ते मी पाहिले होते. त्याचा अर्थ कळायला पुढे दहा वर्षे गेली.

दुसरी रात्र २००३ ची, आणि खरे सांगायचे तर हा सारा धागा तिच्यासाठीच लिहीत आहे.

दंडारीचा गदारोळ पहाटेकडे ओसरतो. मुले झोपतात, घुसाडी टोप उतरवून भिंतीला टेकतात. अशा वेळी एका घराच्या ओसरीवर साठीतले एक गृहस्थ किंगरी घेऊन बसले. किंगरी म्हणजे गजाने वाजवायचे तीन तारांचे वाद्य. सारंगीची श्रीमंती तिच्यात नाही. आवाज किंचित घोगरा, नाकातला, माणसाच्या आवाजाला लागून चालणारा. वाजवणारे परधान होते. परधान हे गोंडांचे परंपरागत गाथागायक. प्रत्येक परधान घराण्याची ठरलेली गोंड यजमान घराणी असतात. गोंडांची कुळे चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा गटांत विभागलेली आहेत, आणि ज्या गटाचे यजमान, त्या गटाची गाथा परधानाने गायची. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात परधान आणि त्यांची किंगरी यांची नोंद आहे.

ते गृहस्थ पहांदी कुपार लिंगोची कथा गात होते. गुहेत कोंडलेल्या गोंड देवांना लिंगो सोडवतो, त्यांना कुळे वाटून देतो, देवपूजा आणि सोयरिकीचे नियम घालून देतो. थोडक्यात, माणसांचा समाज बनवतो, ही ती कथा. मला गोंडी येत नाही. पण गाथेत एक कडवे संपले की शेवटचा शब्द ओसरीवरचे लोक पुन्हा उच्चारीत. होकार देत होते म्हणा ना. एका ठिकाणी गायक थांबले आणि किंगरी एकटीच चालू राहिली. कोणीही जागचे हलले नाही. गुहेच्या दारावरचा दगड हलत नाही, असा तो प्रसंग होता, हे मला नंतर समजले. त्या तीन तारांवर तो दगड खरोखर हलत नव्हता.

पहाटे चहा पिताना मी त्यांच्याशी बोललो तेव्हा मला पहिला धक्का बसला. ते अस्सल वऱ्हाडी ढंगाची मराठी बोलत होते. घरातली भाषा कोणती, असे विचारले. “मराठीच. आजाही मराठीच बोले,” म्हणाले. “पन गाथा गोंडीतच. देवाले मराठी समजत नाही का? समजते. पन त्याचं नाव गोंडीत हाये ना बाबू.”

ही केवळ एका घराची गोष्ट नाही. या भागातील परधानांची मातृभाषा मराठी असल्याचे आणि त्यांच्या गाथांची भाषा मात्र गोंडी असल्याचे ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने आदिलाबादेतही टिपले आहे. म्हणजे गोंडीतील सर्वांत प्राचीन वाङ्मयाचे राखणदार घरी आपली भाषा बोलतात. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना जागा नाही, कारण गाथा मराठी नाही. गोंडी वाङ्मयाचा विचार करणारेही त्यांच्याकडे अनेकदा कडेकडेने पाहतात, कारण घर गोंडी नाही. दोन भाषांच्या धुऱ्यावर बसून हा समाज शतकानुशतके गात आला.

लिंगोची ही कथा कागदावर कशी आली, तेही ऐकण्यासारखे आहे. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ती एका परधानाकडून उतरवून घेतली. भूगर्भशास्त्र, जीवाश्म, आदिवासींच्या भाषा अशा सगळ्याच गोष्टींत या माणसाला रस. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये ग्रंथरूपाने छापले आणि लिंगोची गाथा जगापुढे आली. गाणाऱ्या परधानाच्या वाट्याला मात्र हिस्लॉपच्या कीर्तीचा शतांशही आला नाही.

२००७ मध्ये एम.ए. करताना मी त्या ग्रंथातला काही भाग देवनागरीत उतरवला आणि त्या गृहस्थांकडे घेऊन गेलो. वाचून दाखवला. माझे उच्चार ऐकून घरातली मुले हसत होती. त्यांनी मात्र मान खाली घालून सगळे ऐकले आणि म्हणाले, “सांगनारा आमच्या घरचा नोहे. पन मानूस शिकलेला हाये.” शिकलेला म्हणजे गाथा शिकलेला. एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या एका अनामिक गायकाला त्याच्या बिरादरीने दिलेली ती पावती होती, आणि ती पोहोचवण्याचे काम नेमके माझ्याकडे आले, याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्याच भेटीत मी ध्वनिमुद्रणाची परवानगी मागितली. त्यांनी दिली, पण अर्धी. यजमान समोर नसताना गाथेचा एक भाग गाता येत नाही, असे ते म्हणाले. तेवढ्या भागाला त्यांनी किंगरी खाली ठेवली आणि मधली कथा साध्या मराठीत सांगितली. माझ्याजवळच्या मुद्रणात त्या ठिकाणी कोंबड्याचे आरवणे आणि त्यांचा बोलण्यातला आवाज आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने ती त्रुटी. मला तो त्या मुद्रणाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. ऐकणारा कोण आहे, हे गाण्याला माहीत असते.

तिसरी आठवण नदीपलीकडची आहे. पाटणबोरीवरून पूल ओलांडला की आदिलाबाद, आणि तेथून इंद्रवेल्लीजवळचे केसलापूर. पुष्य अमावास्येला तेथे नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळाची ही जत्रा. कुळाचे लोक पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि त्या पाण्याने पूजा होते. यवतमाळ-चंद्रपूरकडचे मेश्रामही तेथे जातात. मी २०११ मध्ये गेलो. पूजा होते त्या रात्री पेपरे आणि कालिकोम ही फुंकून वाजवायची वाद्ये एकदम सुरू झाली. पेपरेचा आवाज गोड नाही. सनईच्या मंगल सुरांची सवय झालेल्या कानाला तो अंगावर येतो. हजारो माणसे त्या आवाजाने एका क्षणी उठून उभी राहिली. मेश्राम घरात आलेल्या नव्या सुनांची देवाला भेट घडवतात. त्या एका रांगेत चालू लागल्या तेव्हा वाद्यांनी चाल बदलली, इतकेच मला कळले. बाकी सारे माझ्या डोक्यावरून गेले. प्रत्येक मैफल समजलीच पाहिजे असे नाही.

या जत्रेत एक दरबारही भरतो, अधिकारी येऊन लोकांच्या तक्रारी ऐकतात. त्याचे मूळ १९४० च्या दशकात आहे. जोडेघाटला कोमरम भीम १९४० मध्ये पोलिसांच्या गोळीला बळी पडला आणि गोंड का उठले याचा शोध घेण्याची निजाम सरकारला गरज भासली. त्या काळात हायमेंडॉर्फ मारलवाई या गावी राहून काम करीत होते. दरबाराची प्रथा त्यांच्याच सल्ल्याने पडली. आणि मराठी वाचकांनी लक्षात ठेवावे असे दुसरे नाव म्हणजे सेतुमाधवराव पगडी. मोगल-मराठा इतिहासाचे, फारसी साधनांचे पगडी आपणांस ठाऊक असतात. हैदराबाद संस्थानच्या प्रशासनात असताना तेच आदिलाबादेत गोंडी शिकले, त्यांनी गोंडीचे व्याकरण लिहिले, कोलामीचीही सामग्री गोळा केली. शिवकालाचा अभ्यासक गोंडांच्या ओसरीवर बसून क्रियापदांची रूपे विचारतो आहे, हे चित्र मला फार आवडते.

मध्यंतरी शहरांतल्या रंगमंचांवरही घुसाडी पाहिले. त्यांविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. एका समारंभात ताफ्याला आठ मिनिटे दिली होती आणि सातव्या मिनिटाला निवेदिका पडद्याआडून खुणा करू लागली. घुसाडीने तिच्याकडे पाहून दंड उगारला, प्रेक्षक हसले. तेवढा क्षण अस्सल होता.

चौथी रात्र २०१७ ची. त्या वर्षीचा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. मागाहून गुलाबी बोंडअळीने पीकही खाल्ले. आमच्या परिचयातील एका गोंड कुटुंबातला तरुण त्यात गेला. दिवाळीला त्या गावी दंडार येणार हे आधीच्या वर्षी ठरले होते. यावे की न यावे, हा प्रश्न पाहुण्यांपुढे होता.

ते आले. ढोल वाजवीत नव्हे. शिवेवर वाद्ये थांबवून, मुकाट्याने चालत. घुसाडींनी टोप काढून हातात धरले होते. डोक्यावरचा मोर हातात आला की तो माणूस किती साधा, किती दमलेला दिसतो! सगळे त्या घराच्या अंगणात येऊन बसले. पाणी दिले गेले. कोणी काही बोलेना. मग त्या मुलाची आई दारात आली. बराच वेळ तिने त्या टोपांकडे पाहिले आणि म्हणाली, “ढोल काहून बंद केला? वाजवा ना.”

वाजवणाऱ्याने यजमान गावच्या म्हाताऱ्यांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. पहिला ठोका अगदी हलका पडला. त्या रात्रीचा ठेका नेहमीचाच होता. मी तो शंभरदा ऐकलेला. पण नाचणाऱ्यांनी घेर त्या दाराभोवती धरला आणि पहाटेपर्यंत तो तेथून हलवला नाही. ती बाई उंबऱ्यावर बसून होती. मध्येच तिने एका घुसाडीच्या पायातले सैल झालेले घुंगरू घट्ट बांधून दिले. मी ऐकलेल्या सर्व कार्यक्रमांत हा सर्वश्रेष्ठ, असे म्हणताना जीभ अडखळते, कारण तो कार्यक्रम नव्हता. पण श्रेष्ठ होता.

पुढच्या घडामोडी थोडक्यात. २०२१ मध्ये मारलवाईचे घुसाडी कलावंत कनकराजू यांना पद्मश्री मिळाली. नदीच्या दोन्ही काठांवर आनंद झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, ते गेले. घुसाडीला आता मान आहे, मंच आहे, मोबाइलवर लाखो प्रेक्षक आहेत. टोप डोळ्यांत भरतो, चित्रफितीत शोभतो. किंगरीचे तसे नाही. ती दिसायला सामान्य, ऐकायला अवघड, आणि तिची गाथा एका रात्रीतही संपत नाही. माझी चिंता घुसाडीविषयी नाही, ती तीन तारांविषयी आहे. हायमेंडॉर्फ यांची छायाचित्रे आणि चित्रफिती लंडनच्या संग्रहात सुरक्षित आहेत. पण गाथा जिवंत राहते ती यजमान घराने परधानाला बोलावले तर आणि तो आला तर.

ते गृहस्थ २०१९ मध्ये वारले. मुलगा वणीकडे कोळसा खाणीत कामाला. त्याला गाथा येत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण पोट गाथेवर चालत नाही. यजमान घराण्यांनी दोन वर्षे वाट पाहिली. घरातली किंगरी त्यांनी खुंटीवर तशीच ठेवली होती, तारा उतरवलेल्या.

मागच्या दिवाळीत त्या ओसरीवर एक तिशीतला तरुण बसला होता. त्यांच्या बहिणीचा नातू, पैनगंगेपलीकडून आलेला. त्याने माझ्याकडचे मुद्रण मागवून घेतले होते आणि वर्षभर ऐकले होते. बोटे अजून अडखळत होती. दोन ठिकाणी शब्द विसरला, तेव्हा ओसरीवरच्या एका म्हातारीने ते पुरवले. तिला गाथा येते हे त्या रात्रीपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. तो माझ्या मुद्रणातल्या रिकाम्या जागेपाशी आला. तेथे कोंबडा आरवतो आणि किंगरी थांबते. मी कान टवकारले. यजमान समोर बसले होते. त्याने गज उचलला नाही, थांबलाही नाही. पलीकडच्या काठावर कोणाकडून तरी शिकून आलेला तो भाग, सोळा वर्षे माझ्याजवळ नसलेला, त्याने सलग गाऊन टाकला. मी यंत्र बंद करून ठेवले होते.